बारा आणे दमवायचं, सोळा आणे नाही: अशक्त झालेल्या वडिलांना हाय इंटेन्सिटी इंटरव्हल व्यायाम द्यावा का?

आधी तुमचा प्रश्न थोडक्यात मांडते म्हणजे बाकीच्यांनाही उत्तर कळेल. वडील ७९ वर्षांचे, एसटीतून रिटायर झालेले, तासगावला राहतात. दिवाळीनंतर न्यूमोनिया होऊन नऊ दिवस ॲडमिट होते, तेव्हापासून वजन ६१ वरून ५४ वर आलंय, खुर्चीतून उठताना दोन्ही हात टेकतात, देवळापर्यंत जाताना वाटेत दोनदा बसतात. बीपीसाठी मेटोप्रोलॉल, शुगरसाठी ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन चालू आहे. भाचा जिम ट्रेनर, तो म्हणतो हिट (हाय इंटेन्सिटी इंटरव्हल, म्हणजे थोडा वेळ जोरात, मग हळू, असं आलटून पालटून) चालू करू, त्यानेच सुधारतील. काका म्हणतात या वयात कसले व्यायाम, गप पडू द्या. आणि डॉक्टर म्हणाले हळूहळू चालू द्या. मग ऐकायचं कोणाचं?

मी मिरजेत फिजिओथेरपिस्ट आहे, आणि माझ्याकडे येणारी बरीचशी माणसं सत्तरीच्या पुढचीच असतात, त्यामुळे हे भांडण मला घरोघरचं माहीत आहे. भाच्याचं तत्त्व बरोबर आहे पण तो जिममधली पद्धत जशीच्या तशी आणणार असेल तर ती चूक. डॉक्टरांचं चूक नाही पण अपुरं आहे. काकांचं मात्र साफ चूक, आणि तिघांत सगळ्यात धोक्याचंही तेच.

काकांपासूनच सुरू करू. पडून राहिल्याने काय होतं याचा एक अभ्यास २००७ साली झाला, त्यात धडधाकट, साधारण ६७ वयाची १२ माणसं दहा दिवस नुसती पलंगावर झोपवून ठेवली. आजारी नाही, ताप नाही, जेवणखाण व्यवस्थित. दहा दिवसांत त्यांच्या फक्त पायांमधलं जवळजवळ एक किलो मांस कमी झालं. तुमचे वडील ७९ चे, वर न्यूमोनिया, ताप, जेवण बंद, म्हणजे त्यांचं काय झालं असेल विचार करा. म्हणून "आराम करू द्या, आपोआप ताकद येईल" हे तरुणाच्या बाबतीत थोडंफार खरं ठरतं, या वयात ठरत नाही. ताकद आपोआप येत नाही, जाते मात्र आपोआप.

आता अशक्त म्हणजे नक्की काय ते बघू, कारण नुसतं वय झालेला माणूस आणि फ्रेल झालेला माणूस यात फरक असतो. ८४ वर्षांचे आजोबा रोज शेतात जाऊन येतात, ते म्हातारे आहेत पण फ्रेल नाहीत. आम्ही २००१ सालचे पाच निकष वापरतो: वर्षभरात प्रयत्न न करता साडेचार किलोपेक्षा जास्त वजन उतरणं, सतत थकवा, हाताची पकड कमी होणं, चाल मंदावणं आणि एकूण हालचाल कमी होणं. पाचातले तीन लागू पडले की फ्रेल, एक-दोन असतील तर त्या वाटेवर. तुमच्या वडिलांना माझ्या अंदाजाने चार तरी लागू पडतात. आणि इथे एक गोष्ट व्यायामाच्याही आधी, सात किलो वजन गेलं ते आजारपणात गेलं आणि थांबलं, की अजून उतरतंच आहे? दर आठवड्याला एकाच काट्यावर बघा. उतरत असेल तर आधी डॉक्टरांकडून कारण शोधून घ्या, टीबी, थायरॉइड, कॅन्सर, अगदी न बसणारी कवळी किंवा मनाने खचणं, काहीही असू शकतं. वजन झरझर उतरत असताना वरून व्यायाम लादून उपयोग नाही.

मग हळूहळू चालणं का पुरत नाही? आपल्या स्नायूत ढोबळमानाने दोन प्रकारचे धागे असतात, एक सावकाश पण तासन्तास काम करणारे आणि दुसरे जोरात, झटक्यात काम करणारे. वयाबरोबर आधी जातात ते दुसरे. पाय अडखळला तर पटकन पुढे पाऊल टाकून सावरायला, खुर्चीतून उसळून उठायला, भरलेल्या बसच्या पायरीवर चढायला हेच धागे लागतात. आणि ते कामाला लागतात तेव्हाच, जेव्हा मेहनत त्या माणसाच्या ऐपतीच्या जवळपास जाते. रमतगमत चालण्यात त्यांना कोणी उठवतच नाही. म्हणजे माणूस रोज अर्धा तास चालतो तरी खुर्चीतून उठता येत नाही असं होतं, आणि घरचे म्हणतात अहो व्यायाम तर करतायत की!

याचा पुरावा जुना आणि भक्कम आहे. १९९० साली बोस्टनमधल्या एका वृद्धांच्या संस्थेत ८६ ते ९६ वयाच्या दहा अशक्त माणसांना आठ आठवडे पायांचा चांगला जड वजनाचा व्यायाम दिला, ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. परत वाचा, नव्वदीची माणसं. पुढे १९९४ मध्ये तिथेच १०० जणांवर मोठा अभ्यास झाला, त्यात आणखी एक गोष्ट कळली जी मला रोज उपयोगी पडते: ज्यांना व्यायाम न देता नुसतं पौष्टिक पेय दिलं त्यांच्या अशक्तपणात काही फरक पडला नाही. मुलं पुण्या-मुंबईहून प्रोटीन पावडरचे मोठमोठे डबे पाठवतात आणि आईवडील ते दुधात घालून पलंगावर बसून पितात, त्यांच्यासाठी हे सांगितलं.

स्पेनमध्ये पॅम्प्लोनाच्या हॉस्पिटलात तर ॲडमिट असलेल्या पेशंटनाच व्यायाम दिला, सरासरी वय ८७, एकूण ३७० जण, २०१९ साली निष्कर्ष आले. पाच ते सात दिवस, दिवसातून दोनदा, २०-२० मिनिटं. नेहमीची ट्रीटमेंट घेणारे हॉस्पिटलातून बाहेर पडताना आत आले त्यापेक्षा परावलंबी झाले होते, व्यायामवाले झाले नाहीत. तुमच्या वडिलांना हे त्या नऊ दिवसांत मिळायला हवं होतं, पण आपल्याकडे अजून पलंगाशेजारी "उठू नका हं आजोबा" असंच चालतं.

पण हा सगळा ताकदीचा व्यायाम झाला, भाचा म्हणतोय ते हिट म्हणजे दम लागण्याचा. त्याचं प्रामाणिक चित्र असं. यूट्यूबवर जी वीस सेकंद काम, दहा सेकंद विश्रांतीवाली ताबाता असते तिचं मूळ १९९६ च्या जपानी अभ्यासात आहे, तो झाला तरण्याबांड खेळाडू पोरांवर, तिचा आपल्या विषयाशी काही संबंध नाही, तो व्हिडिओ वडिलांसमोर लावूच नका. म्हाताऱ्या माणसांसाठी जास्त अभ्यासलेली पद्धत नॉर्वेची: चार मिनिटं जोरात, तीन मिनिटं हळू, असं चार वेळा. ट्रॉनहाइम शहरात ७० ते ७७ वयाच्या १५६७ लोकांना पाच वर्षं फॉलो केलं, २०२० मध्ये निकाल आला. पाच वर्षांत मृत्यूचं प्रमाण हिट गटात ३ टक्के, सरकारी सल्ल्याप्रमाणे आपापला व्यायाम करणाऱ्यांत ४.७, सलग मध्यम व्यायामाच्या गटात ५.९. ऐकायला छान वाटतं, पण हा फरक आकडेशास्त्राच्या कसोटीवर ठाम म्हणावा इतका नव्हता, आणि मुख्य म्हणजे ही सगळी बऱ्यापैकी तब्येतीची माणसं होती, नॉर्वेत म्हातारे सुद्धा बर्फावर स्कीइंग करतात. तुमच्या वडिलांसारखं कोणी त्यात नव्हतं.

हार्ट फेल्युअरच्या पेशंटचंही तसंच झालं. २००७ साली २७ जणांवरच्या छोट्या अभ्यासात हिटने दमाची क्षमता ४६ टक्क्यांनी वाढली, मध्यम व्यायामाने १४, सगळीकडे गाजावाजा झाला, मग २०१७ मध्ये अनेक देशांत मिळून २६१ जणांवर करून बघितलं तर हिट काही सरस निघालं नाही. म्हणून मी हिटला जादू म्हणत नाही, आणि कोणी म्हणत असेल तर त्याच्याकडून लांब राहा.

मग मी इंटरव्हल का देते? कारण अशक्त माणसाला सलग काही जमतच नाही. तुमचे वडील देवळात जाताना दोनदा बसतात ना, ते इंटरव्हलच आहे, फक्त बेशिस्त. थोडा हिशोब बघा. स्वस्थ बसल्यावर शरीर जेवढा ऑक्सिजन वापरतं त्याला एक मेट म्हणतात. साध्या चालण्याला साधारण अडीच-तीन मेट लागतात. चाळिशीच्या माणसाची ऐपत दहा मेटच्या आसपास असते, त्यामुळे त्याला चालणं म्हणजे काहीच नाही. फ्रेल झालेल्या माणसाची एकूण ऐपत चार-पाच मेटवर येऊन ठेपलेली असते. म्हणजे त्यांचं देवळापर्यंतचं चालणं हे त्यांच्या ऐपतीच्या साठ-सत्तर टक्क्यांवर चाललंय, ते तुमच्या-माझ्या पळण्यासारखं झालं की! हाय इंटेन्सिटी म्हणजे उड्या आणि बर्पी नाही, त्या माणसाच्या मापाने हाय. तुमच्या वडिलांसाठी हात न टेकता खुर्चीतून सहा वेळा उठणं हेच हिट आहे. आणि त्यात विश्रांती ही काही सवलत नाही, ती निम्मा व्यायाम आहे, ती नीट दिली तरच पुढची फेरी जोरात होते.

आता माप कसं घ्यायचं. हाताला घड्याळ बांधून पल्स बघायचा नाद सोडून द्या. मेटोप्रोलॉल चालू असताना नाडी वाढतच नाही फारशी, माणूस घामाघूम झाला तरी घड्याळात ९५ दिसेल आणि भाचा म्हणेल अजून जोरात! शिवाय २२० वजा वय हे जे सूत्र सगळे पाठ म्हणतात त्याने ७९ ला १४१ येतात, दुसऱ्या एका मान्य सूत्राने १५३ येतात, म्हणजे गोळी नसली तरी त्यावर विसंबण्यात अर्थ नाही. पुस्तकात शून्य ते दहा अशी दमाची पट्टी असते, पण आमच्याकडच्या आजी-आजोबांना दहापैकी सात म्हटलं की ते गोंधळतात, म्हणून मी आण्यात विचारते. किती दमलात, चार आणे, आठ आणे, की बारा आणे? लगेच कळतं, कधी कधी तर "साडेनऊ आणे" असंही उत्तर येतं. चार आणे म्हणजे वॉर्मअप. आठ आणे म्हणजे गप्पा मारता येतात पण मध्ये श्वास घ्यावा लागतो. बारा आणे म्हणजे तीन-चार शब्दांच्या पुढे वाक्य जात नाही, रोजच्या आरतीची ओळ एका दमात पुरी होत नाही. आपल्याला न्यायचं बारा आण्यापर्यंत, तेही काही आठवड्यांनी. सोळा आणे कधीच नाही.

एक सावधगिरी. हे आकडे तोंडाने सांगतात त्यावर पूर्ण विश्वास ठेवू नका. माझ्याकडच्या एक आजी, नऊवारीचा काष्टा घट्ट मारून येतात, कठडा धरून जोरात पावलं टाकतात, विचारलं तर "काय नाय वो, आठ आणे", आणि इकडे खांदे कानापर्यंत वर आलेले असतात, वरच्या ओठावर घाम, आणि ते "आठ आणे" सुद्धा दोन श्वासांत म्हटलेलं. त्या पिढीतल्या बायकांना दमलं म्हणायची सवयच नाही. पुरुषांचं वेगळं, नातवंडं बघत असली की यांना सगळंच चार आणे वाटतं. म्हणून कानाने ऐका आणि डोळ्याने तपासा.

सुरू करण्याआधी डॉक्टरांकडे एकदा जायचंच, आणि नुसतं "व्यायाम करू का" असं विचारायचं नाही, नाहीतर "हळूहळू करा" हेच उत्तर मिळणार. नेमकं तपासून घ्या: छातीत कधी दुखतं किंवा दडपण येतं का, चालताना कधी चक्कर येऊन पडलेत का, हृदयाला मर्मर (ठोक्यांबरोबर येणारा जादा आवाज) ऐकू येते का. हृदयाची झडप अरुंद झाली असेल तर दमवणारा व्यायाम आधी नाही, इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी आधी. रात्री आडवं झाल्यावर दम लागणं, पाय सुजणं, नाडी अनियमित असणं, अलीकडे हार्ट अटॅक किंवा डोळ्याच्या पडद्याचं ऑपरेशन, हर्निया, यातलं काही असेल तर तेही आधी मिटवायचं. बसलेलं बीपी वरचं १८० किंवा खालचं ११० च्या पुढे असेल त्या दिवशी व्यायाम नाही. ताप असेल त्या दिवशी नाही. आणि बीपी झोपून मोजा, मग उभं करून एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी मोजा. वरचा आकडा २० किंवा जास्त पडत असेल तर आधी गोळ्यांचं बघायला हवं, प्रोस्टेटची गोळी चालू असेल तर हे फार होतं.

धोका किती? नॉर्वेच्याच हृदयरोग पुनर्वसन केंद्रांतला २०१२ चा हिशोब आहे, ४८४६ पेशंट, मध्यम व्यायामाच्या १,२९,४५६ तासांत एक हृदय बंद पडण्याची घटना, हिटच्या ४६,३६४ तासांत दोन. म्हणजे धोका फार थोडा पण शून्य नाही, आणि ते सगळे तपासून घेतलेले, देखरेखीखालचे पेशंट होते. अशक्त माणसात मला हृदयापेक्षा पडण्याची भीती जास्त वाटते. खुब्याचं हाड मोडलं की सगळं गणितच बदलतं.

म्हणून क्रम महत्त्वाचा: आधी पाय, मग दम. पहिले तीन-चार आठवडे फक्त ताकद आणि तोल, इंटरव्हलचं नावही नको. सुरुवातीला दोन मापं घ्या आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. हात छातीवर बांधून खुर्चीतून पाच वेळा उठ-बस करायला किती सेकंद लागतात (१२ किंवा जास्त लागले तर ताकद कमी, आशियाई लोकांसाठीचा २०१९ चा मापदंड आहे हा, आणि एकदाही जमलं नाही तरी "जमलं नाही" असं लिहा, ते पण मापच आहे), आणि नेहमीच्या चालीने चार मीटर चालायला किती सेकंद, चारच्या वर गेले तर चाल मंद.

खुर्ची लाकडी किंवा लोखंडी घ्या, पाठ भिंतीला टेकवून ठेवा. प्लॅस्टिकची खुर्ची फरशीवर सरकते, ती नकोच. उंची कमी वाटत असेल तर सतरंजीच्या दोन घड्या घाला, जसं जमेल तशी एकेक घडी काढायची, म्हणजे ओझं न वाढवता व्यायाम जड होतो. हात पहिले काही दिवस मांडीवर टेकू दे. उठायचं झटक्यात, जेवढं पटकन जमेल तेवढं, आणि बसायचं सावकाश, एक-दोन-तीन मोजत. धपकन बसणं म्हणजे अर्धा व्यायाम वाया. उठताना श्वास सोडायचा, कोंडून धरला की बीपी उसळतं. पाच-सहा वेळा, मग दीड-दोन मिनिटं बसायचं, अशा तीन फेऱ्या. बारा वेळा सहज जमायला लागलं की जड करायची वेळ झाली: पाठीला सॅक आणि त्यात तूरडाळीचं एक किलोचं पाकीट, मग दोन. याच्या जोडीला स्वयंपाकाच्या ओट्याला धरून टाचा उचलणं, जिन्याच्या पहिल्या पायरीवर कठडा धरून चढ-उतार, आणि खिडकीचं ग्रिल धरून एका पायावर उभं राहणं, आधी दोन्ही हात, मग एक हात, मग एक बोट. एकाआड एक दिवस, आठवड्यातून तीनदा, पंचवीस-तीस मिनिटांत आटोपतं. मधल्या दिवशी त्यांचं देवळात जाणं चालू दे.

हे जमलं, म्हणजे हात न लावता पाच वेळा उठता येऊ लागलं, की मग आठवड्यातून दोनदा इंटरव्हल. घरात सात-आठ मीटरची मोकळी जागा असेल तर दोन टोकांना दोन खुर्च्या ठेवा, नसेल तर ओटा धरून जागच्या जागी गुडघे उचलत पावलं टाकायची. आधी पाच-सहा मिनिटं चार आण्याने हालचाल. मग ३० सेकंद जोरात, त्यानंतर ६० ते ९० सेकंद हळू फिरायचं किंवा बसून पाय हलवत राहायचं. पहिल्या आठवड्यात चार फेऱ्या, त्याही आठ-नऊ आण्याच्या. मग सहा, मग आठ. मग ४५ सेकंद, मग एक मिनिट जोरात, एक मिनिट हळू. फेऱ्या आणि वेग एकाच आठवड्यात वाढवू नका, एका वेळी एकच. गुडघे फार दुखत असतील तर खुर्चीत बसून मारायचं पेडल मिळतं ते चालतं. ट्रेडमिल नको. आणि संपलं की एकदम थांबून उभं राहायचं नाही, पायातलं रक्त पायातच राहतं आणि भोवळ येते, पाच मिनिटं हळू चालून मगच बसायचं. नॉर्वेचं चार बाय चार आपल्याला गाठायचंच आहे असंही काही नाही, माझ्याकडचे बरेचजण एक मिनिट-एक मिनिटावरच छान टिकतात.

प्रत्येक वेळी जवळ कोणीतरी हवं, हाताच्या अंतरावर, खुर्चीत बसून मोबाईल बघणारं नाही. पायात रबरी चप्पल नको, अनवाणी किंवा बंद पट्ट्याचे सँडल, लुंगी असेल तर ती वर दुमडून किंवा सरळ पायजमा. छातीत दडपण, जबडा किंवा डाव्या हातात दुखणं, थंड घाम, चेहरा पांढरा पडणं, चक्कर, छातीत भलतंच फडफडणं, असं काही झालं की तिथेच थांबा, आणि पाच मिनिटांत निवळलं नाही तर दवाखाना गाठा, निवळलं तरी त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा, परस्पर दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू करायचं नाही. दम मात्र लागणारच, दम लागला म्हणून घाबरायचं नाही, तो दोन-तीन मिनिटांत खाली बसला पाहिजे. जास्त झालं हे ओळखायची माझी खूण सोपी आहे: दुसऱ्या दिवशी सकाळी रोजच्यासारखी आंघोळ आणि चहा झाला का? झाला तर डोस बरोबर होता. अंग आंबल्यासारखं वाटणं चालतं, पण माणूस पलंगच सोडत नसेल तर आदल्या दिवशी निम्मं करायला हवं होतं.

जेवणाचं. ५४ किलोला किलोमागे १.२ ग्रॅम धरलं तर दिवसाला ६५ ग्रॅम प्रोटीन हवं. आपली भाकरी, पातळ आमटी, भात आणि ताक यात त्याच्या जवळपासही जात नाही. दोन अंडी म्हणजे १२ ग्रॅम, अर्धा लिटर दूध म्हणजे साधारण १६, शंभर ग्रॅम पनीर १८ च्या आसपास, मटकी-मुगाची घट्ट उसळ, शेंगदाण्याचं कूट, मासे-चिकन खात असतील तर उत्तमच. ताकाला दह्याच्या ठिकाणी धरू नका, त्यात पाणीच जास्त. तिन्ही वेळच्या खाण्यात वाटून द्या, सगळं रात्री नको. शुगरवाले आहेत म्हणून क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) आधी बघून घ्या, किडनी कमजोर असेल तर प्रोटीन किती हे डॉक्टर ठरवतील. आणि बी-१२ तपासाच. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत ते कमी होतं, त्यात माणूस शाकाहारी असेल तर आणखीच, तळपाय बधिर होतात, तोल जातो, आणि घरचे म्हणतात वयामुळे होतंय. ते भरून न काढता तोलाचे व्यायाम करत बसलो तर निम्मी मेहनत फुकट.

भाच्याला मात्र घालवू नका, अशी तरुण, ताकदीची माणसं जवळ उभी राहायला लागतातच. त्याला एवढंच सांगा की मोठ्याने "कमॉन, एक और" असं ओरडायचं नाही, त्यांनी थांबतो म्हटलं की थांबायचं, आणि जिममध्ये शेवटचा रेप (व्यायामाचं एक आवर्तन) जमेना इथपर्यंत नेतात तसं इथे करायचं नाही, अजून दोनदा जमलं असतं असं वाटतं तिथे सोडायचं.

अपेक्षा काय ठेवायची? आठ ते बारा आठवड्यांत खुर्चीचे सेकंद कमी होतात, देवळाच्या वाटेवर दोनऐवजी एकदा बसतात, संडासातून उठताना नळ धरायला लागत नाही. पूर्वीचे वडील परत मिळतील असं मी सांगणार नाही. मध्ये सर्दी-ताप, लग्नकार्य, एप्रिल-मेचं ऊन यात आठवडा-दोन आठवडे खंड पडणारच, तेव्हा सोडलं तिथून नाही, दोन पायऱ्या खाली येऊन सुरू करायचं, सतरंजीच्या घड्या परत घालायला लाजायचं नाही. उन्हाळ्यात सकाळी लवकर करा पण उपाशीपोटी नाही.

हे उपाशीपोटीचं शेवटी राहिलं पण सगळ्यात आधी करायचं तेच आहे, कारण ग्लिमेपिराइडने शुगर खाली जाऊ शकते आणि व्यायाम सुरू झाला की ती आणखी उतरते. नाश्ता झाल्यावर तास-दीड तासाने व्यायाम, पहिले दोन आठवडे आधी आणि नंतर ग्लुकोमीटरने शुगर बघायची, १०० च्या खाली असेल तर केळं किंवा दोन बिस्किटं खाऊन पंधरा मिनिटं थांबायचं. खिशात साखरेची पुडी हवी. मेटोप्रोलॉलमुळे शुगर उतरल्यावर छातीत धडधड जाणवत नाही, नुसता घाम येतो नाहीतर माणूस असंबद्ध बोलायला लागतो, हे घरात सगळ्यांना माहीत असू द्या. आणि वजन ६१ वरून ५४ वर आलंय तर गोळीचा डोस ६१ चाच चालू आहे का, हे डॉक्टरांना याच आठवड्यात विचारा, व्यायामाला हात लावायच्या आधी.